स्थितिज ऊर्जा आणि स्थिर वस्तू : एका पारिभाषिक संज्ञेविषयी काही निरीक्षणे

शहापूर आणि मुरबाड ह्या तालुक्यांतील बोलींत चढ-उतार, पाणी व ओझे ह्यांसंबंधी जे शब्द प्रचलित आहेत ते टिपून घेण्यासाठी प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे त्या भागात जात असतो. अशाच एका भेटीत शहापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ ऐकण्याचा योग आला. शिकविणारे शिक्षक अनुभवी होते, फळ्यावरची सूत्रे बिनचूक होती, आणि मुले उत्तरे देण्यास उत्सुक होती. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाची ऊर्जा कोणती, असे विचारताच सर्व वर्ग एकमुखाने ‘स्थितिज’ म्हणाला. फेकलेल्या चेंडूची कोणती? ‘गतिज.’ शिक्षकांना समाधान वाटले, आणि ते साहजिकच होते. दोन्ही उत्तरे चूक नव्हती.

तास संपता संपता शिक्षकांच्या अनुमतीने मी एक प्रश्न विचारला. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन एक बाई विहिरीवरून पाड्याकडे चढण चढत आहे. हंड्याची ऊर्जा कोणती? ह्या वेळी वर्गात दोन तट पडले. हंडा पुढे सरकतो आहे, म्हणून गतिज, असे काहींनी सांगितले. हंडा डोक्यावर हालत नाही, तो स्थिर आहे, म्हणून स्थितिज, असे इतरांचे म्हणणे. दोन्ही असतील, असे कोणी म्हणेना. अखेर खिडकीजवळची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, हंडा चालतो म्हणून गतिज म्हटलं, तर मग त्याची उंची कुठं गेली?”

ह्या प्रश्नाला विज्ञानाच्या शिक्षकाने द्यावयाचे उत्तर सोपे आहे : उंची कोठेही गेलेली नाही. हंड्याला उंचीमुळे मिळालेली ऊर्जा आहे आणि वेगामुळे मिळालेलीही आहे. दोन्हींची बेरीज करावयाची असते. परंतु भाषेच्या अभ्यासकापुढे निराळाच प्रश्न उभा राहतो. ज्या मुलांच्या घरी रोज हंडे वाहिले जातात, त्यांना ही बेरीज का सुचू नये? माझे उत्तर असे, की मुलांचा अनुभव अपुरा नाही आणि शिक्षकांचे ज्ञानही अपुरे नाही. अडथळा आहे तो ‘स्थितिज’ ह्या शब्दाच्या ठायी, आणि विशेषतः तो ज्या शब्दाच्या जोडीने शिकविला जातो त्या जोडीच्या ठायी.

हे पडताळून पाहण्यासाठी पुढे मुरबाड तालुक्यातील आणखी एका शाळेत मी दोन प्रश्न विचारले. उडणाऱ्या घारीची ऊर्जा कोणती? ‘गतिज’, एवढेच उत्तर आले. जमिनीवर पडलेल्या धोंड्याची? ‘स्थितिज.’ ह्या भेटी म्हणजे शास्त्रशुद्ध पाहणी नव्हे, आणि त्यांवरून टक्केवारी मांडण्याचा माझा मानस नाही. परंतु दोन्ही ठिकाणची चूक एकाच साच्यातून निघाली आहे, हे उघड आहे. मुलांनी ‘स्थितिज’ ह्याचा अर्थ ‘स्थिर वस्तूची’ असा लावला आहे. बाजारात मिळणाऱ्या एका मार्गदर्शिकेत तर ‘स्थिर वस्तूच्या ठिकाणी असणारी ऊर्जा’ अशीच व्याख्या छापलेली मी पाहिली. तेव्हा हा दोष एकट्यादुकट्या मुलाचा नाही.

आता मूळ शब्दाकडे वळू. ‘स्थितिज’ ही घडण संस्कृत व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. ‘जन्’ ह्या धातूपासून ‘ज’ साधून तो पूर्वपदास जोडला की ‘त्यापासून उत्पन्न झालेले’ असा अर्थ मिळतो; पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायात त्याची सूत्रे आहेत. पंकज, अंडज हे शब्द मराठी वाचकास परिचित आहेतच. ‘स्थितीपासून उत्पन्न झालेली ती स्थितिज’, असा हा विग्रह. येथवर सारे ठीक आहे. प्रश्न उरतो तो ‘स्थिती’ म्हणजे काय हा. मराठीच्या रोजच्या व्यवहारात स्थिती म्हणजे अवस्था, परिस्थिती, हालहवाल : ‘घरची स्थिती बरी नाही’, ‘पिकाची स्थिती’. जागा किंवा ठिकाण ह्या अर्थी मराठी माणूस ‘स्थान’, ‘जागा’, ‘ठिकाण’ हे शब्द वापरतो, ‘स्थिती’ वापरत नाही. म्हणजे शब्दकर्त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ मुलाच्या भाषेत त्या शब्दाला नाही. आणि अर्थ जेथे मोकळा सापडतो तेथे मन शेजारचा शब्द आणून बसविते. स्थिती, स्थिर, स्थावर, स्थान हे सर्व ‘स्था’ ह्या एकाच धातूचे वंशज. तेव्हा मुलाने ‘स्थिर’ गाठला ह्यात त्याने व्युत्पत्तीचा अपराध केला असे म्हणता येत नाही.

ह्यात भर घातली ती जोडीने. एखाद्या चिन्हाचे मूल्य त्याच्या भोवतालच्या चिन्हांशी असलेल्या विरोधातून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त १९१६ साली त्याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून सर्वपरिचित झाला. ‘स्थितिज’ हा शब्द वर्गात कधीही एकटा येत नाही. तो ‘गतिज’ ह्याच्या खांद्याला खांदा लावून येतो. आणि गतीच्या विरुद्ध काय, हे मुलांना नववीच्या पुष्कळ आधी, गतीचे प्रकार शिकतानाच पाठ झालेले असते : गतिमान आणि स्थिर. नवा शब्द त्या जुन्या कप्प्यात अलगद जाऊन बसतो. विरोधाची सवयच अशी, की ती ‘हे किंवा ते’ असे विचारावयास लावते. ‘हे आणि ते’ असा विचार तिच्यात मावत नाही.

इंग्रजीतही हा प्रवास सुखाचा झालेला नाही. १८५३ साली स्कॉटिश अभियंता रँकिन ह्याने ऊर्जेचे ‘अ‍ॅक्च्युअल’ आणि ‘पोटेन्शियल’ असे दोन वर्ग केले. पुढे टॉमसन आणि टेट ह्यांनी पहिल्याऐवजी ‘कायनेटिक’ हा शब्द रूढ केला. दुसरा मात्र तसाच राहिला. ‘पोटेन्शियल’ म्हणजे जे अद्याप नाही पण होऊ शकेल ते. त्यामुळे इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलास ही ऊर्जा खरी नव्हेच, केवळ शक्यता आहे, असे वाटण्याचा धोका असतो. आपल्या भाषाभगिनींनी निरनिराळे मार्ग चोखाळले. कन्नडने ‘प्रच्छन्न शक्ती’ म्हटले, म्हणजे लपलेली. बंगालीने ‘स्थितिशक्ति’ व ‘गतिशक्ति’, तेलुगूने ‘स्थितिज शक्ति’ व ‘गतिज शक्ति’ असे म्हटले. हिंदीने आणि मराठीने ‘ऊर्जा’ घेतली. थोडक्यात, इंग्रजी मुलाला ती ऊर्जा अजून व्हावयाची आहे असे वाटते, कानडी मुलाला ती दडलेली वाटू शकते, आणि मराठी मुलाला ती उभी राहिलेली वाटते. प्रत्येक भाषेने आपापली गैरसमजूत निवडली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मग हा शब्दच टाकून ‘स्थानज’ किंवा ‘उंचीची ऊर्जा’ असे म्हणावे काय? हा मोह मलाही झाला होता. परंतु विचारान्ती तो सोडला. ताणलेल्या बेचकीच्या रबरातही ह्याच वर्गातील ऊर्जा असते. रबराने जागा बदललेली नसते, त्याचा आकार बदललेला असतो. वाकविलेले धनुष्य, दाबलेली स्प्रिंग ह्यांचेही तसेच. जागा आणि आकार ह्या दोहोंना एकत्र सामावून घेणारा शब्द हवा असेल, तर ‘स्थिती’ हाच त्यांतल्या त्यांत बरा. ‘स्थान’ रबराला लागू पडत नाही, आणि ‘उंची’ तर मुळीच नाही. तेव्हा शब्द राहू द्यावा. त्याची ओळख करून देण्याची रीत मात्र बदलली पाहिजे.

ही अडचण एकट्या ‘स्थितिज’ची नाही. पाठ्यपुस्तकात बल, शक्ती, ऊर्जा आणि कार्य ह्या चार शब्दांना चार काटेकोर अर्थ दिलेले आहेत. परंतु बल आणि शक्ती हे अमरकोशात एकाच पर्यायमालेत येतात, आणि गंमत अशी की त्याच मालेत ‘स्थाम’ हा ‘स्था’ धातूचा शब्दही बळाच्या अर्थी आहे. खेड्यातले मूल ह्या सर्वांसाठी ‘जोर’ किंवा ‘ताकद’ म्हणते; पहिला शब्द फारसीतून आला, दुसरा अरबीतून, आणि दोन्ही आता पुरते मराठी झाले. ‘कार्य’ म्हणजे तर त्याच्या घरी लग्न किंवा तत्सम समारंभ : ‘आमच्याकडे कार्य आहे.’ ह्याबद्दल मुलांना हसण्यात अर्थ नाही. हेल्महोल्ट्झने १८४७ साली ऊर्जेच्या अक्षय्यतेवर जो प्रसिद्ध प्रबंध लिहिला, त्याच्या मथळ्यात त्याने ‘क्राफ्ट’, म्हणजे बल, हाच शब्द वापरला आहे. ज्या घोटाळ्यातून शास्त्रज्ञांना बाहेर पडण्यास कित्येक दशके लागली, तो शहापूरच्या मुलाने पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पार करावा अशी आपली अपेक्षा असते.

आता एका सूक्ष्म गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. माझ्या समजुतीने ती शब्दापेक्षाही महत्त्वाची असून तिच्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती म्हणजे विभक्तिप्रत्यय. वर्गात शिक्षक आणि मुले दोघेही ‘दगडात ऊर्जा आहे’, ‘हंड्यात ऊर्जा आहे’ असे सप्तमीतून बोलतात. माझा स्वतःचा प्रश्नही थोडक्यात त्याच वळणावर जाणार होता. मराठीत ‘-त’ प्रत्यय आधार दाखवितो : घागरीत पाणी, कणगीत भात, अंगात ताकद. ह्या वाक्यांत जे आत आहे ते शोधले असता सापडते, ओतता येते, संपते. उलट ‘-ला’ पाहा : डोंगराला उंची आहे, गाडीला वेग आहे, धोंड्याला वजन आहे. येथे काहीही आत साठलेले नाही. एखादा गुण किंवा संबंध त्या वस्तूकडे आहे, एवढेच सांगावयाचे आहे. मराठी बोलणारे चार वर्षांचे मूलदेखील ‘गाडीत वेग आहे’ असे म्हणत नाही.

उंचावर नेलेला धोंडा फोडून पाहिला तर आत काहीही वेगळे मिळणार नाही. त्याचा एक कणही बदललेला नाही. बदलले आहे ते त्याचे आणि पृथ्वीचे अंतर. ही ऊर्जा एकट्या धोंड्याची नव्हेच, ती धोंडा आणि पृथ्वी ह्या जोडीची आहे. तेव्हा येथे ‘धोंड्यात’ असे म्हणणे म्हणजे मुलाला चुकीच्या ठिकाणी शोधावयास पाठविणे होय. ताणलेल्या रबराची गोष्ट निराळी : तेथे रबराची अंतर्रचनाच ताणलेली असते, म्हणून ‘रबरात ऊर्जा आहे’ हे वाक्य चालण्याजोगे आहे. लाकडात, भाकरीत, रॉकेलात असे म्हणण्यासही प्रत्यवाय नाही. शिक्षकाने केवळ एवढा विवेक राखला, म्हणजे धोंड्याच्या बाबतीत ‘धोंड्याला इतक्या उंचीमुळे, अमुक तळाच्या मानाने, इतकी ऊर्जा आहे’ असे पूर्ण वाक्य म्हणण्याची सवय ठेवली, तर अर्धी अडचण दूर होईल. वाक्य लांबते हे खरे. पण ‘अमुक तळाच्या मानाने’ हे पद गाळले की सर्व घोटाळा पुन्हा सुरू होतो. मुरबाडच्या वर्गात मी नात्याचे उदाहरण देऊन पाहिले. भाच्यावाचून कोणी मामा होत नाही. मामाच्या अंगात मामापण शोधून सापडत नाही. उंचीचेही तसेच. मुले हसली, पण पुढच्या प्रश्नाला एका मुलाने आपणहून ‘कशाच्या वर?’ असे विचारले. मला ते पुरेसे वाटले.

‘कशाच्या वर’ हे शिकविण्यास शहापूर तालुक्यासारखे दुसरे ठिकाण शोधूनही सापडणार नाही. येथल्या बोलण्यात ‘वर’ ह्याचा अर्थ बहुधा घाटावर असाच असतो. ह्याच तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी चोंढे हे गाव आहे, आणि त्याच्या डोक्यावर, कड्याच्या माथ्यावर, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील घाटघर. दोन्ही ठिकाणी धरणे बांधून त्यांच्या दरम्यान भूमिगत वीजगृह उभारण्यात आले, आणि २००८ साली ते कार्यान्वित झाले. प्रत्येकी १२५ मेगावॉटचे दोन संच तेथे आहेत. विजेची मागणी वाढते त्या वेळी वरचे पाणी खाली सोडून वीज निर्माण करतात. मागणी उतरते तेव्हा तेच संच उलटे फिरवून खालचे पाणी वर चढवितात. चढविण्यास जितकी वीज लागते तितकी परत मिळत नाही. अशा योजनांत साधारणपणे चार युनिटे घालावी तेव्हा तीनच्या आसपास हाती येतात. बाकीची घर्षणात आणि उष्णतेत जातात, नाहीशी होत नाहीत.

घाटघरच्या मुलाला विचारले, की तुमच्या तलावातले पाणी किती उंच आहे, तर तो म्हणेल, आमच्या पायाशी आहे. चोंढ्याच्या मुलाला विचारले तर तो मान वर करील. पाणी तेच, दोघांचे तळ निराळे. दोन्ही तलावांच्या पातळ्यांत चारशे मीटरांहून अधिक अंतर आहे. हिशेबास ४०० धरू. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी, वजनाने १००० किलोग्रॅम, त्याला ९.८ ने आणि ४०० ने गुणले असता ३९,२०,००० जूल येतात. विजेचे एक युनिट म्हणजे ३६,००,००० जूल. म्हणजे चारशे मीटरांवरून उतरलेल्या हजार लिटर पाण्यामागे, गळती वजा जाता, एक युनिट वीज. बिलावर दिसणाऱ्या एका युनिटाचा अर्थ असा पाण्याच्या उंचीत सांगितला की मुले तो विसरत नाहीत.

आता खिडकीजवळच्या त्या मुलीच्या हंड्याचा हिशेब करू. हंड्यात १५ लिटर पाणी आणि विहिरीपासून पाडा २० मीटर उंच असे धरले, तर पाण्याला मिळालेली ऊर्जा १५ × ९.८ × २०, म्हणजे २,९४० जूल. एका युनिटाइतकी ऊर्जा अशा रीतीने वर न्यावयाची तर सुमारे बाराशे हंडे वाहावे लागतील. ह्यात हंड्याचे आणि वाहणारीच्या स्वतःच्या देहाचे वजन धरलेले नाही, आणि शरीर ह्या कामासाठी प्रत्यक्षात कितीतरी अधिक अन्न जाळते हेही धरलेले नाही. बाई ताशी तीन किलोमीटर चालत असेल तर त्याच पाण्याची गतिज ऊर्जा किती? पाच-सहा जूल! उंचीपुढे ती नगण्य आहे, पण शून्य नाही. ‘उंची कुठं गेली’ ह्या प्रश्नाचे आकड्यांतले उत्तर हेच. दोन्ही आहेत, एक मोठी, एक लहान, बेरीज २,९४५च्या आसपास. मला वाटते, नववीच्या पाठाची सुरुवात अशा एका वस्तूपासून व्हावी जिला एकाच वेळी दोन्ही ऊर्जा आहेत, आणि टेबलावरचे पुस्तक अगदी शेवटी यावे. जोडीचा विरोध मनात पक्का होण्याआधीच बेरीज पक्की व्हावयास हवी.

लहान मुलांसाठी, म्हणजे पाचवी-सहावीसाठी, ‘स्थितिज’ हा शब्द काढण्याची घाईच नको. उखळ-मुसळ अजून कित्येक घरांत पाहावयास मिळते. मुसळ जितके वर उचलावे तितका घाव जोराचा, आणि जड मुसळाचा अधिक. एवढे त्यांच्या तोंडून वदवून घेतले की वस्तुमान आणि उंची ह्या दोन्ही राशी हाती आल्या. मुसळ अर्ध्यावर असताना त्याच्याजवळ काय आहे, हा प्रश्न मात्र तेव्हाच विचारून ठेवावा. बेचकीचे रबर थोडे ताणून आणि पुष्कळ ताणून सोडण्याचा प्रयोग मुले न सांगता करतातच. शिक्षकाने फक्त समोर काच नाही हे पाहावे.

गतिज ऊर्जेची अडचण निराळी आहे, आणि तेथे दोष शब्दाचा नाही. ‘गतिज’ हा शब्द मुलांना कळतो. त्यांना खटकतो तो वेगाचा वर्ग. वेग दुप्पट झाला तर ऊर्जाही दुप्पट व्हावी, असे मनाला वाटते. सतराव्या-अठराव्या शतकांत यूरोपातील मोठमोठ्या पंडितांचा ह्यावर दीर्घ वाद चालला. त्याचा निकाल लावण्यास ज्या गोष्टींचे साहाय्य झाले त्यांत डच शास्त्रज्ञ ख्राफेसांडे ह्याचा १७२२ सालचा प्रयोग आहे : मऊ मातीवर निरनिराळ्या उंचीवरून पितळी गोळे टाकून त्याने खड्डे मोजले. एमिली द्यु शातले ह्या फ्रेंच विदुषीने १७४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्याच पक्षाचे मंडन केले. हा प्रयोग भातखाचरात आषाढात फुकट करता येतो. एकच लोखंडी गोळा प्रथम अर्ध्या मीटरवरून आणि मग दोन मीटरांवरून चिखलात सोडावा. उंची चौपट, चिखलावर आदळतानाचा वेग मात्र दुप्पटच असतो, आणि खड्ड्याचे आकारमान सुमारे चौपट भरते. चिखल सगळीकडे सारखा नसतो, म्हणून प्रयोग चार-पाच वेळा करून सरासरी घ्यावी. थोराड मुलांना ह्यापुढची गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. मुंबई-नाशिक महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो, आणि माळशेज घाटाचा रस्ता मुरबाडमधून. मोटारसायकलचा वेग ताशी ३०वरून ६० झाला की थांबण्यास लागणारे ब्रेकचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. वर्गाचे सूत्र येथे परीक्षेपुरते राहत नाही.

चढ-उताराची आणखी दोन उदाहरणे ह्या परिसराने आयतीच दिली आहेत. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ मीटरांना १ मीटर असा आहे, आणि तो चढण्यासाठी गाडीला कसाऱ्यास जादा इंजिने जोडतात. कसाऱ्याची मुले त्यांना ‘बँकर’ म्हणून ओळखतात. हीच गाडी उतरताना नवी विद्युत इंजिने जनित्रासारखी चालून काही वीज तारेत परत सोडतात : घाटघरच्या योजनेचाच हा चाकांवरचा अवतार. दुसरे उदाहरण मुरबाडच्या बाजूचे, नाणेघाटाचे. ऐन पावसाळ्यात तेथे कड्यावरून पडणारे पाणी खालून येणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याने उलटे वर उडते. लोक त्यास ‘उलटा धबधबा’ म्हणतात आणि पाहण्यासाठी गर्दी करतात. वाऱ्याची गतिज ऊर्जा पाण्याला उंची देते, असे सांगून शिक्षकाने तेथे थांबावे. मुले पुढचे स्वतः बोलतील.

सर्वांत मोलाचे उदाहरण मात्र ह्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात आहे, आणि ते वर्गात आणण्यास शिक्षक कचरतात असे मला आढळले. मुंबईस पाणी पुरविणारे तानसा धरण (१८९२) शहापूर तालुक्यातच आहे. तानसाचे पाणी, तसेच वैतरणेवरील मोडकसागराचे (१९५७) पाणी, मुख्यतः उताराने, गुरुत्वाच्या बळावर शहराकडे जाते. भातसेचे पाणी मात्र नदीतून वाहत येऊन भिवंडी तालुक्यातील पिसे येथे पंपांनी उपसावे लागते. एकाच तालुक्यातले पाणी. एकाला उंची पुरते, दुसऱ्याला पुरत नाही. आणि ह्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुले विचारतात, धरण आमच्या शिवारात, मग पाणी आमच्या घरी का नाही? ह्या प्रश्नाची सर्व उत्तरे भौतिकशास्त्राजवळ नाहीत. पाण्यावर हक्क कोणाचा, हे सूत्राने ठरत नाही. पण एक उत्तर त्याच्याजवळ निश्चित आहे : धरण दरीत असते, पाडा टेकडीवर. मुंबईच्या मानाने जे पाणी उंच आहे तेच पाड्याच्या मानाने सखल आहे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून शहापूर तालुक्यात पाणी आणण्याची जी योजना आखण्यात आली, तिच्यामागील विचारही हाच. भावली घाटावर आहे, आणि तेथील पाण्याला ह्या पाड्यांच्या मानाने उंची आहे.

त्या मुलीस मी शाळा सुटल्यावर विचारले, की तुमचा पाडा विहिरीच्या किती वर? तिने मीटर सांगितले नाहीत. “रिकामा हंडा घेऊन उतरताना कळत नाही, सर,” ती म्हणाली, “भरला की कळतं.” ‘-ला’ लावून म्हणावयाचे तर, भरल्या हंड्याला पाड्याच्या चढणीमुळे जी ऊर्जा असते, तिचे मोजमाप तिला ठाऊक होते. वहीच्या मागच्या पानावर तिने १५ × ९.८ असे लिहून ठेवले होते, आणि तिसऱ्या आकड्यासाठी जागा मोकळी सोडली होती.